नकाभाऊंचा हात

बंदरावर त्यांना सगळे नकाभाऊ म्हणत. पाहुण्यांना होडीतून किनाऱ्याजवळच्या खडकांपाशी न्यायचं आणि गळाने मासे धरायला शिकवायचं, हा त्यांचा धंदा. होडी सुटायच्या आधी पालुपद ठरलेलं: "उभे राहू नका. गळाची दोरी हाताला गुंडाळू नका. माझ्या चाकूला हात लावू नका." कुणी दोरी गुंडाळलीच तर ती तोडायला चाकू लागे. तो त्यांच्या बसायच्या फळीखाली खोचलेला असे, उजव्या हाताला न बघता सापडेल असा.

इंजिनावर मेहुणा असायचा. "दाजी, एखादं तरी 'करा' सांगा की पाहुण्यांना."

"तू गप्प बस. तेवढं कर."

त्या सकाळी होडीत एक तरुण नवरा-बायको होती, आणि नवऱ्याची आत्या. आत्याबाई फटकळ. "एवढे नियम तर माझ्या सासूनेही नव्हते घातले," म्हणाल्या. पण दोरी मात्र सांगितली तशीच धरली, बोटांवर मोकळी. आणि जड मासा लागला तो त्यांनाच.

"अहो, धरा हो जरा! चष्मा पडतोय माझा!"

नकाभाऊंनी दोरी उजव्या हातात घेतली. तेवढ्यात भाचा फोटो काढायला ताडकन उभा राहिला आणि होडी कलली. नकाभाऊंनी डाव्या हाताने त्याचा पट्टा धरून त्याला खाली खेचलं. तो धपकन बसला. त्याच क्षणी माशाने खडकाकडे मुसंडी मारली.

नकाभाऊंचा उजवा हात खांद्यापर्यंत काठाबाहेर ओढला गेला. त्यांनी खाली पाहिलं. मधल्या बोटाभोवती दोरीचे दोन वेढे. व्यवस्थित, शेजारी शेजारी. घातले कुणी? दोरी दुसऱ्या कुणाच्या हातात नव्हतीच.

उजवा हात चाकूकडे निघाला, पण तो तर अडकलेला. डावा पोचेना. चाकू आत्याबाईंच्या गुडघ्यापाशी.

"चाकू!"

आत्याबाई चाकूकडे नुसत्या बघत राहिल्या. "तुम्हीच म्हणालात ना, हात लावू नका?" त्या थट्टा करत नव्हत्या. चेहरा पांढराफटक पडला होता. मेहुणा इंजिन सोडून दोऱ्यांच्या गुंत्यातून धडपडत येत होता.

"लावा! हात लावा! कापा!"

आत्याबाईंनी चाकू उपसला आणि दोरी कापली. भाचा नकळत म्हणाला, "गेला मासा." त्याच्याकडे कुणी पाहिलंही नाही.

परत येताना आत्याबाईंनी विचारलं, "दुखतंय का?"

"नाही," नकाभाऊ म्हणाले. बोट आधी पांढरं होतं, मग जांभळं झालं, आणि दुखत नव्हतं. त्यांना धडकी भरली ती त्यामुळेच.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोरी रुतून कापलं होतं तिथे टाके घातले. "बोट राहील. वाकेल की नाही, ते आज नाही सांगत."

घरी बायको गॅलरीत कपड्यांची दोरी नव्याने बांधत होती. पट्टी पाहून तिने आधी रडून घेतलं, मग बोलून घेतलं, आणि मग पुन्हा कामाला लागली. ओले कपडे थांबत नाहीत. "डावा हात आहे ना धड? हे टोक ताणून धरा." तिने दुसरीकडे गाठ मारली. "हं, सोडा."

त्यांना सोडता येईना. डाव्या हाताला दोरीचे दोन वेढे. शेजारी शेजारी.

"हे कधी केलं मी?"

"म्हणजे? तुम्ही अशीच धरता की."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून पाहतेय. त्यात काय एवढं?" तिने वेढे उलगडले.

नकाभाऊ खाली बसले. गेली कित्येक वर्षं ते पाहुण्यांचे हात पाहत आले होते. स्वतःच्या हातांकडे कधी पाहिलंच नव्हतं.

"तुझ्या भावाला सांग," ते म्हणाले, "मी परत होडीत आलो की चाकू त्याच्याकडे. आणि नजर माझ्या हातांवर ठेव म्हणावं."