बोटीसाठी ठेवलेलं परस्थान

बोटीवर चढायची वेळ बदलली आहे, असा पहिला मेसेज आला तेव्हा आम्ही दोघी प्रवासाला निघालेलो होतो आणि आमच्याच घराच्या समोर बसलेलो होतो. हे नीट सांगायला पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की बाईचं डोकं फिरलंय.

तीर्थपुरीत आमचं बी-बियाण्याचं दुकान आहे. म्हणजे दुकान ह्यांचं; मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. त्या साली ह्यांनी एका कंपनीचं कपाशीचं बियाणं भरपूर विकलं, म्हणून कंपनीनं टूर लावली. मुंबईहून बोटीनं गोव्याला जायचं आणि बोटीनंच परत यायचं, नवरा-बायकोनं. बातमी कळली त्या दिवशी मी पोरांना पाढे म्हणायला लावले आणि मनातल्या मनात गॉगल घालून बोटीवर उभी राहिले. आणि संध्याकाळी जेवता जेवता ह्यांनी काय सांगावं?

"मला पाण्याची भीती वाटते. तू अन् आई जा."

पाण्याची भीती! गोदावरीवरच्या शहागडच्या पुलावरून जाताना हा माणूस गाडीची काच वर करून घेतो, हे मी लग्नापासून बघत आलेय. पण म्हणून माझ्या टूरवर सासू? मी ह्यांच्याशी बोलणं टाकलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मात्र हो म्हणाल्या नाहीत की नाही म्हणाल्या नाहीत. फक्त सकाळी चष्मा लावून पंचांग घेऊन बसल्या.

तिथं घोळ निघाला. बोट शनिवारची, म्हणजे जालन्याहून रेल्वे शुक्रवारी. आणि शुक्रवारी पश्चिमेला निघायचं नसतं. मुंबई पश्चिमेला, ती काही हलवता येत नाही. मंग ह्याच्यावर जुन्या लोकांचा इलाज म्हणजे परस्थान. चांगल्या दिवशी आपलं सामान, हळद लावलेली सुपारी घालून, जायच्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचं. सामान निघालं म्हणजे माणूस निघालं. मंग वाईट दिवशी ते उचलून पुढं गेलं तरी चालतं. बहुतेक लोक सामान ठेवतात आणि स्वतः घरी येऊन झोपतात. पण आत्याबाईंचं सगळं बिलकुल पक्कं. सामानासंगं त्या स्वतः गेल्या आणि मलाही ओढत नेलं. एकदा दहीसाखर खाऊन उंबऱ्याबाहेर पडलं की परत घरात पाय ठेवायचा नाही, म्हणाल्या.

आमच्या पश्चिमेला समोरचंच घर, माझ्याच शाळेतल्या मॅडमचं. मॅडम बौद्ध. मुहूर्त, शकुन, असल्या गोष्टींना त्यांच्या दारात उभं राहायलाही जागा नाही. मी आत्याबाईंना घेऊन लाजत लाजत विचारायला गेले, तर त्या हसून म्हणाल्या, "आमच्याकडं शुभ-अशुभ काही नसतं बरं का आत्या. पण बाज रिकामी आहे."

आत्याबाई म्हणाल्या, "तुमचा इस्वास नसंना का. दिशा तर बराबर हाय."

असं गुरुवारी दुपारी आमचं परस्थान मॅडमच्या ओट्यावर पडलं. गल्लीतल्या बायकांनी येऊन दोघींच्या ओट्या भरल्या, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, आणि एक-दोघींनी तर डोळ्याला पदरही लावला. त्या घरी पोचल्या नसतील, तेवढ्यात मेसेज आला. शनिवारची बोट रविवारी संध्याकाळी.

"म्हणजे उद्या निघायचं न्हाई?" आत्याबाईंनी विचारलं.

"न्हाई. चला, घरी जाऊ."

"निघालोत की आपण," त्या म्हणाल्या आणि बाजेवर मांडी घालून बसल्या.

शुक्रवारी सकाळी गल्लीतल्या बायका पाणी भरायला निघाल्या तर आम्ही दोघी समोर दात घासत उभ्या. "अगं, गेल्या न्हाईत का अजून?" जो तो विचारून राह्यला. मी सांगून सांगून थकले. मग आत्याबाईच सांगायला लागल्या, "गेलोत. पर बोट आली न्हाई." दशम्या आम्ही ओट्यावरच सगळ्यांना वाटून खाल्ल्या, तर बायकांनी संध्याकाळी परत नव्या बांधून आणल्या. त्याही खाल्ल्या. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत जेवढं खाणं झालं तेवढं दिवाळीतही होत नाही.

समोर आमचं घर उघडं, आणि त्यात ह्यांचा स्वयंपाक चाललेला. वाऱ्यावर वास आला की आत्याबाई बाजेवरून ओरडायच्या, "आरं, मोहरी तडतडू दे की आधी! जाळली बघ फोडणी!" हे झारा हातात घेऊन दारात यायचे आणि म्हणायचे, "मंग ये ना हिकडं, तूच कर!" त्यावर आत्याबाई तोंड फिरवून घ्यायच्या. आपल्याला आपल्याच घरात जेवायला बोलावतायत आणि आपण जाऊ शकत नाही, ह्याचं मला इतकं हसू यायचं की मॅडम पाणी आणून द्यायच्या.

आणि मॅडमची तर कमालच झाली. माझ्या फोनचा चार्जर घरी राहिला होता. मी म्हटलं, कोण बघतंय, पटकन जाऊन आणते. मी चपला घातल्या तर मॅडम दारात आडव्या.

"कुठं निघालात? परत फिरायचं नाही!"

"अहो, तुमचा कुठं इस्वास हाय?"

"माझा नाही. पण आत्यांचा आहे ना. आणि परस्थान माझ्या घरात आहे. माझ्या घरून मोडलं म्हणून उद्या कुणी बोलायला नको." त्या स्वतः गेल्या आणि चार्जर घेऊन आल्या. त्यानंतर आमच्यावर पहारा होता तो मॅडमचा, आत्याबाईंचा नाही.

शनिवारी दुसरा मेसेज. समुद्र खवळलेला असल्यामुळं बोट पुढील सूचनेपर्यंत थांबवली आहे. आता पुढील सूचना म्हणजे काय? माझा पारा चढला. मी बोटवाल्यांना फोन लावला. गाणं वाजून वाजून शेवटी एक पोरगी बोलली, "मॅम, झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

"अगं बाई, दिलगीर मागून हो. आधी सांग, बोट कधी?"

"पुढील सूचना मिळेपर्यंत कृपया घरीच थांबा, मॅम."

"घरीच तर थांबता येत न्हाई ना!"

पलीकडं परत गाणं लागलं. तिला काय समजावून सांगू? मी फोन ठेवला आणि सगळा राग आत्याबाईंवर काढला. "बास झालं आता. ती बोट काही येत न्हाई. समोर आपलं घर हाय, पलंग हाय, अन् आपण लोकाच्या दारात बसलोत. लोक हसून राह्यलेत. उठा, चला घरी!"

आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "तू जा. मी न्हाई मागं फिरत. एकदा फिरल्ते."

मला वाटलं, आता काहीतरी अपशकुनाची गोष्ट सांगणार. पण त्यांनी सांगितलं ते मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

"नवी नवरी व्हते मी. भाऊ मुंबईला गिरणीत कामाला. म्हणला, ताई, एकडाव ये, तुला समुद्र दाखवतो. पल्याडचा काठच दिसत न्हाई म्हणला. मला खरंच वाटंना. काठ न्हाई असं कुठं पाणी असतंय का? जालन्याच्या ठेसनावर गेल्ते. तिकीट काढल्तं. अन् मागच्या यष्टीनं दीर आला पळत पळत. वेचणीला बाया मिळाल्या म्हणला, संगं घरचं माणूस पायजे, आईनं जल्दी बलिवलंय. फिरले मागं. कापूस वेचला. मंग गिरणी बंद पडली, भाऊबी गावाकडं आला. मंग कोण नेतंय, अन् कशाला?" थोडं थांबून त्या म्हणाल्या, "सासू चांगली व्हती माझी. बोलली न्हाई काही. पर यष्टीत बसता बसता गाडीची शिटी आइकू आल्ती मला."

मॅडम उठून चहा ठेवायला आत गेल्या. चहा नुकताच झाला होता. मला इतकं वाईट वाटलं, की मी त्यांच्याजवळ बाजेवर जाऊन बसले. पंचांग, सुपारी, दहीसाखर हे सगळं वरवरचं होतं. ह्या बाईला समुद्र बघायचा होता. तेवढंच होतं. आणि इतकी वर्षं घरात कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

सोमवारी ह्यांना कंपनीकडून निरोप आला. बोट आता बुधवारी. एवढं थांबायचं नसेल त्यांनी दुपारपर्यंत कळवावं, त्यांना टूरच्या बदल्यात फ्रिज. फ्रिज! दोन दारांचा! मी किती सालांपासून मागून राह्यले होते. हे आमच्या दारातून गल्ली ओलांडून ओरडले, "फ्रिज घेऊ ना मंग? टूर कॅन्सल करून टाकतो!"

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. मांडीवरचं लुगडं उलगडून परत घडी घालायला लागल्या. घडी आधीच चांगली होती.

"फ्रिज ठेवा तुमच्या डोक्यावर!" मी इकडून ओरडले. "आम्ही निघालेलो आहोत!"

अख्खी गल्ली हसली. हे बिचारे झारा घेऊन आत गेले. आत्याबाई म्हणाल्या, "आगं, नवऱ्याला असं बोलतात का?" पण तोंडभर हसत होत्या. माझ्या रजेचं काय करायचं हा प्रश्न होता, तो मॅडमनी सोडवला. "तुमचा वर्ग मी सांभाळते. तुम्ही समुद्र बघून या." ह्यांनीही मंग मुकाट्यानं जालन्याला जाऊन रिझर्वेशन बदलून आणलं. मी त्यांच्याशी बोलायला लागले.

मंगळवारी जीपनं जालन्याला गेलो, हेही पोचवायला संगं आले. निघताना मॅडमनी आमच्या हातावर दहीसाखर ठेवली, आणि कुणी काही म्हणायच्या आत बोलल्या, "विश्वास नाही माझा. दही उरलं होतं."

जालन्याच्या स्टेशनात फलाटावर बसलो. गाडीची घोषणा झाली आणि नेमका त्याच वेळी माझा फोन वाजला. मेसेज. बोटीचाच. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं.  माझ्यानं मेसेज उघडवेना. ह्यांनी फोन घेतला आणि मोठ्यानं वाचलं. बोटीवर चढायची वेळ दोन तासांनी पुढं गेली आहे.

"दोन तास?" आत्याबाई म्हणाल्या. "एवढंच व्हय? मला वाटलं, वेचणीच्या बाया मिळाल्या का काय!"

आम्ही तिघंही इतके हसलो की शेजारचे लोक बघायला लागले. गाडी आली. डबा पुरता थांबायच्या आत आत्याबाई दांडी धरायला निघाल्या, त्यांना मागं ओढता ओढता मला घाम फुटला. पण चढल्या त्याच पहिल्या.

बुधवारी बंदरावर त्यांना पाणी दिसलं. मी म्हटलं, "बघा, आला समुद्र." त्यांनी हात डोळ्यावर आडवा धरून पाहिलं आणि मान हलवली. "ह्यो न्हाई. पल्याड डोंगर दिसून राह्यला." मग आम्ही सामान ठेवलं, वर गेलो, बोट हलली. लोक फोटो काढत होते, गाणी लागली होती. आत्याबाई कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. हळूहळू इमारती बारीक झाल्या, डोंगर मागं पडला, आणि मग समोर कुठंच काठ उरला नाही. नुसतं पाणी, ऊन पडलेलं, आभाळाला टेकलेलं.

वाऱ्यानं त्यांचा पदर उडत होता, तो मी धरून ठेवला.  मग माझ्याकडं न बघताच त्यांनी विचारलं,

"उद्या सकाळीबी ह्यो हितंच असंल का?"

"असंल की, आत्याबाई. उद्याबी हाय, परवाबी हाय."

"मंग रडायची घाई न्हाई," त्या म्हणाल्या. "आज नुस्तं बघते."

आणि बघत राहिल्या. मला काही उद्यापर्यंत थांबवलं नाही. मी त्यांच्या पाठीमागं उभी राहून, पदर तोंडाला लावून, तिथंच रडून घेतलं.