फोनला कन्नड येत नव्हतं

माझे कान एकदम गेले नाहीत. आधी कुकरची शिट्टी ऐकू येईनाशी झाली. भात करपल्याचा वास आला की मी गॅसकडे पळायचे आणि सासूबाई काहीतरी बोलत असायच्या, ते मला त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांवरून कळायचं. मग माणसांची बोलणी अर्धीमुर्धी येऊ लागली. मी बीदरजवळच्या जनवाड्यात घरीच ब्लाउज शिवते. गिऱ्हाईक म्हणायचं, "गळा मोठा नको," आणि मला त्यातला "नको" ऐकूच यायचा नाही. बीदरच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, नस सुकत चाललीय. ऐकायचं मशीन लावून बघितलं. त्यानं आवाज मोठा झाला, पण शब्द उमगेनात. भांडी पडल्यासारखा सगळा गलका कानात भरायचा. शेवटी मशीन डब्यात गेलं आणि मी माणसांच्या ओठांकडे बघायला शिकले.

ओठ बघून जगणं फार दमवणारं असतं. सतत अंगावर ताण. कोण कधी तोंड फिरवील, कोण पदराआड बोलेल, कोण हसतंय ते माझ्यावर की दुसऱ्याच कशावर. चार बायका जमल्या की मी उठून आत जायचे. काम असल्याचं दाखवायचे.

मुलगी पुण्याला नर्सिंग शिकते. दिवाळीच्या सुट्टीत आली तेव्हा तिनं माझ्या फोनमध्ये एक ॲप घातलं. समोरचा माणूस बोलला की त्याचं बोलणं पडद्यावर लिहून यायचं. तिनं फोन माझ्या हातात दिला आणि ह्यांना म्हणाली, "पप्पा, काहीतरी बोला."

हे म्हणाले, "च्या दे की जरा."

पडद्यावर आलं : चहा देखील जरा.

आम्ही तिघं हसलो. सासूबाईंनी विचारलं, "कामून हसायलीस गं?" त्याचं फोननं लिहिलं : कमान हसा लिहीस ग. आमची भाषा त्याच्या कानाला नवीन होती. पण एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच घरातल्या हसण्याचं कारण मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि ते मला पुष्कळ होतं.

सुट्टी संपून मुलगी गेली आणि मी एकटीच त्या फोनशी झटू लागले. रोज काहीतरी करून बघायचे. पंखा चालू असला की तो वेड्यासारखं लिहितो, पंखा बंद केला की शुद्धीवर येतो. दोन माणसं एकदम बोलली की दोघांचं मिळून तिसरंच वाक्य करतो. रविवारी विहारात वंदनेच्या वेळी मांडीवर ठेवून बघितला, तर पालीचं त्यानं असलं मराठी केलं की मी घाईघाईनं पडदा पालथा घातला. हळूहळू मला त्याच्या चुका वाचता येऊ लागल्या. "कराई लिस" दिसलं की मी मनात "करायलीस" म्हणायचे.

खरी पंचाईत भाषेची होती. आमच्याकडे माणूस एका वाक्यात मराठी सुरू करतो, मध्ये उर्दू घालतो आणि कन्नडमध्ये संपवतो. मला तिन्ही येतात, लहानपणापासून कानावर पडलेल्या. पण फोनला एका वेळी एकच सांगावी लागायची. नेट असलं की हवी ती निवडता यायची. नेट नसलं की फक्त मराठी, कारण तेवढीच आत उतरवून ठेवलेली होती. कन्नड उतरवायला जागा नव्हती. जागा सगळी मी शिवलेल्या ब्लाउजांच्या फोटोंनी खाल्लेली, आणि ते फोटो गिऱ्हाइकांना दाखवावे लागायचे.

ज्वारी निघाली होती. शेताच्या कडेला, घराच्या मागंच, कडब्याची गंज रचलेली. दुपारी जेवून हे बैलांना कडबा आणायला गेले. सासूबाई नणंदेकडे गेल्या होत्या. मी शिलाईच्या मशीनवर बसले होते, दाराकडे पाठ. फोन शेजारी उघडा ठेवायची मला सवय लागली होती. मशीन चालू असताना पडदा कोराच राहायचा. सुईत दोरा ओवायला मी थांबले, आणि पडद्यावर अक्षरं उमटली.

ए चावल चावल

मला वाटलं, हे तांदूळ कशाला मागताहेत? ते कधी चावल म्हणत नाहीत. मग खाली दुसरी ओळ आली : पायाला. मी वळले.

हे उंबऱ्यावर बसले होते. दोन्ही हातांनी उजवा पाय घोट्याच्या वर धरलेला. तोंड पांढरंफटक. मी जवळ गेले तेव्हा घोट्याजवळ दोन ठिपके दिसले आणि त्यांतून पाझरणारं रक्त. त्यांचे ओठ मी नीट वाचले. "घोणस हाय. म्या बघितली. गंजीतून निघाली."

मी ओरडत दिराच्या घरी गेले. माझा आवाज किती मोठा होता ते मला माहीत नाही, पण गल्लीतली माणसं दारात आली. दीर जीप काढायला पळाला. मी मुलीला मेसेज टाकला. "पप्पांना घोणस चावली" एवढंच लिहिता आलं. तिचं उत्तर लगेच आलं. दोरी आवळून बांधू नका. चिरू नका. चालू देऊ नका. पाय लाकडाला सैल बांधा, हलू देऊ नका. सरळ बीदरला न्या, मध्ये कुठेच थांबू नका.

कुणीतरी दोरी घेऊन आलंच होतं. मी ती हातातून काढून घेतली. फोन वर धरून त्या माणसाला मेसेज दाखवला. तो वाचेपर्यंत मी कपडा मोजायची लाकडी पट्टी आणून पायाला लावली आणि ओढणीनं बांधली.

जीपमध्ये मी मागं बसले, त्यांचा पाय मांडीवर. घोटा डोळ्यांदेखत सुजत होता. रस्त्यानं जीप उसळली की ते डोळे मिटायचे. ते बोलताहेत का नुसते कण्हताहेत ते मला कळेना, म्हणून मी फोन त्यांच्या तोंडाजवळ धरला. इंजिनाच्या आवाजात तो काहीबाही लिहीत राहिला. मग एक ओळ स्वच्छ आली.

तोंडात रगत

मी त्यांना तोंड उघडायला लावलं. हिरड्यांतून रक्त येत होतं. मी पुढं वाकून दिराच्या खांद्यावर थाप मारली. त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि जीपचा वेग वाढवला.

दवाखान्यात त्यांना लगेच आत घेतलं. डॉक्टर तरुण होते, तोंडावर मास्क. त्यांची नजर माझ्याकडे होती, म्हणजे ते मलाच विचारत होते, पण मास्कखालचे ओठ मला दिसेनात. मी म्हणाले, "डॉक्टरसाब, मला ऐकू येत न्हाई. ह्याच्यात बोला." दाराजवळ नेट होतं. मी हिंदी निवडली आणि फोन पुढं केला. ते वाकून बोलले.

साप देखे क्या कितना टाइम हुआ

"घोणस हाय, ह्यांनी स्वतः बघितली. जेवण झाल्या झाल्या चावली. हिरड्यातून रगत यायलंय."

पहले कोई सुई से तकलीफ हुई

हे मी दोनदा वाचलं. मग आठवलं. मागे उदगीरला तापावर एक इंजेक्शन दिलं होतं तेव्हा त्यांच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते. नाव माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली आणि नर्सकडे वळून काहीतरी भरभर बोलले. ते फोनला पकडता आलं नाही. त्यांनी रक्त काचेच्या नळीत घेतलं, आणि ह्यांना ढकलत आतल्या खोलीत नेलं. दिराला रक्ताच्या बाटलीसाठी पाठवलं. जाताना त्यानं मला ओठांनी सांगितलं, "वैनी, हितंच थांबा."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. त्या आतल्या बोळात नेट नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात नेटची एक रेघ यायची आणि जायची. मुलीला लिहिलेले मेसेज गोल फिरत पडले होते. दारात काच होती, पण तिला आतून हिरवा कपडा लावलेला. त्या कपड्यावर सावल्या हलायच्या. कुणी घाईनं हललं की मी दाराशी जायचे. ऐकू येणाऱ्या माणसाला निदान आतलं कण्हणं तरी येतं, पावलं येतात, कुणी हाक मारली का ते कळतं. मला त्या दाराशिवाय काहीच नव्हतं. मी डोळे न मिटता दाराकडे बघत राहिले. पापणी लवली आणि तेवढ्यात कुणी काही बोलून गेलं तर?

दार उघडलं. नर्स बाहेर आली, मास्क लावलेली, हातात ट्रे. माझ्याकडे बघून ती बोलली. मी फोन पुढं केला, ती चालता चालताच आणखी एकदा बोलली आणि शेजारच्या खोलीत गेली. मी पडद्याकडे बघितलं.

ईगा राम अंधार

मी भिंतीला घासत खाली बसले. आमच्या घरात रामाचं नाव कोणी घेत नाही, पण माणूस गेला की लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे. राम म्हणाला. आणि पुढं अंधार. मुलीला काय लिहू, हे पहिलं मनात आलं. सासूबाई नणंदेकडून आल्या असतील का. पायाला बांधलेली ओढणी कुठं ठेवली असेल. असलं काहीही मनात येत होतं. रडू येत नव्हतं.

फोन हातातच होता. मी ती ओळ पुन्हा वाचली. तोंडानं वाचली, ओठ हलवून, जसं मी फोनच्या सगळ्या चुका वाचते. ईगा राम अंधार. पुन्हा. ईगा राम अंधार. तिसऱ्यांदा म्हणताना जीभ आपोआप वेगळी वळली. ईग आराम अदार.

कन्नड! ईग, म्हणजे आता. आराम अदार, म्हणजे बरे आहेत.

नर्स कन्नड बोलली होती आणि फोनला त्या बोळात फक्त मराठी येत होतं. मला ते कळलं, तरी खात्री पटेना. मनाला पाहिजे तेच आपण त्यातून काढतोय की काय? अक्षरं तर समोर वेगळीच होती. मी उठले आणि नर्स गेली होती त्या खोलीचं दार वाजवलं. जरा जास्तच जोरात वाजवलं असणार, कारण तिचे डोळे रागावलेले होते.

मी कन्नडमध्ये म्हणाले, "अक्का, मास्क तेगीरी. नंग केळंगिल्ला." मास्क काढा, मला ऐकू येत नाही.

मग तिनं मास्क हनुवटीखाली ओढला. तिच्या वरच्या ओठावर घाम होता. ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली, आणि मी तिच्या ओठांवरून ते उचललं. आता आराम आहे. औषध चढवताना अंगाला कापरं भरलं होतं, गांधी उठल्या होत्या, पण आम्ही तयार होतो. तुम्ही सांगितलं ते बरं झालं.

मग मात्र मला रडू आलं. तिनं माझा दंड धरून बाकावर बसवलं आणि मास्क वर न करताच थोडा वेळ उभी राहिली.

लगेच सगळं ठीक झालं असं नाही. त्या आठवड्यात आम्ही लघवीचा रंग बघत जगलो, कारण त्या विषानं मूत्रपिंडं बसतात असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुण्याहून मुलगी आली आणि तिनं आल्या आल्या माझ्या फोनमधले फोटो आपल्या फोनमध्ये घेऊन कन्नड आणि हिंदी दोन्ही उतरवल्या. वॉर्डातले डॉक्टर मला बघितलं की आपणहून मास्क खाली घ्यायचे. शेजारच्या खाटेवर औरादकडच्या एका म्हातारीचा नवरा होता. ती कन्नड-तेलुगू मिसळून बोलायची. तिचं फोनलाही जमेना आणि मलाही. आम्ही दोघी एकमेकींना भाकरी द्यायचो.

हे घरी आले तेव्हा पायाची कातडी काळी पडली होती. अजून थंडीत तो पाय ओढतात. गंज दिरानं लांब काठ्यांनी उकलली, साप मिळाला नाही. तेव्हापासून कडब्याला हात घालायचा म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो, आणि ह्यांच्याही येतो.

पहिल्यांदा ते पुन्हा शेताकडे निघाले तेव्हा मी दारात उभी राहिले. त्यांनी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातले, काठी घेतली आणि गेले. थोड्या वेळानं माझा फोन हातात थरथरला. व्हिडिओ कॉल होता. त्यांना तो लावता येतो हेच मला माहीत नव्हतं. मुलीनं शिकवलं असणार. पडद्यावर त्यांचं तोंड नव्हतं. कॅमेरा खाली धरलेला होता, आणि मोकळ्या लाल मातीत दोन बूट उभे होते, धुळीनं भरलेले. मग ते बूट एक पाऊल पुढं चालले, थांबले, आणि कॉल बंद झाला.

आता ते रोज दुपारी तसा कॉल करतात. मी बूट बघते आणि मान हलवते. माझं तोंड त्यांना दिसतं की नाही, मी अजून विचारलेलं नाही.