लीलाक्काचा मुतखडा

कडेगावात बाजाराच्या मागल्या अंगाला गेलं की माणूस आधी शिंकतो आणि मग त्याला लीलाक्काचा डंक, म्हणजे मिरची कांडायचं मशीन, दिसतो. फाल्गुन लागला की आसपासच्या गावांतल्या बाया भाजलेली मिरची, सुकं खोबरं, धने, लसूण घेऊन वर्षाची चटणी कुटायला तिथं नंबर लावून बसतात. लोखंडी मुसळं धाडधाड उखळात पडत असतात, पत्र्याच्या खोपटात तांबडा धुरळा भरलेला असतो, आणि मधोमध स्टुलावर लीलाक्का. सगळ्यांच्या तोंडाला फडकी, तिच्या नाही. फडकं बांधल्यावर चटणीचा वास कसा कळायचा, हे तिचं म्हणणं.

"मिरची दमट हाय. परत वाळवून आन," ती पाटीत हात घालून सांगते.

"आवं आक्का, लय लांबनं आलोय की आमी."

"बुरशी लागली की तितक्याच लांबनं भांडायला येशील. त्यापरास आज जा."

बाई पुटपुटत जाते आणि परवा वाळवलेली मिरची घेऊन येते. मशीन नवऱ्याच्या पेन्शनीतून आलं, तिथलं राज्य मात्र लीलाक्काचं. नवरा लालासाहेब फौजेतनं हवालदार होऊन परतलेले. मिशीला पीळ अजून आहे, पण डंकावर त्यांचं काम पोती उचलायचं. त्याबद्दल कुणी छेडलं तर ते म्हणतात, "हितं कमांडर दुसरा हाय."

तर हे सगळं दोन वर्षांमागं बंद पडायच्या बेतात होतं, त्याची ही गोष्ट.

एका चटणीच्या सीझनात लीलाक्काला लघवी लाल झाली. दुखलं नाही, खुपलं नाही, ताप नाही. तिनं नंबरला बसलेल्या बायांना सांगितलं. मिरचीत बसणाऱ्या बाईला लघवी लाल झाली म्हटल्यावर कुणाला कोडं पडणार होतं? सगळ्यांचा निकाल एकच. उष्णता. एकीनं सब्जा सांगितला, एकीनं धन्या-जिऱ्याचं पाणी. दोन तांबे पाणी पोटात गेलं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी पहिल्यासारखी झाली. धन्यानं काम केलं म्हणून लीलाक्कानं ते पाणी आणखी चौघींना सांगितलं. पावसाळ्यात परत तसंच झालं. तेव्हा डंक बंद होता, उखळात मिरची नव्हती, पण तिचं म्हणणं, "मागली उष्णता आता भाईर पडतीया." परत धने, परत जिरं, परत साफ.

थंडीत उजव्या कुशीत जड जड वाटायला लागलं. ती ब्लडप्रेशरच्या गोळ्यांसाठी कऱ्हाडच्या डॉक्टरकडे गेली होती, तिथं बोलता बोलता हे निघालं. डॉक्टरनं सोनोग्राफीला धाडलं. तिथला माणूस पोटावर एकाच जागी फिरून फिरून येऊ लागला. मग म्हणाला, "मावशी, तुम्ही बाहेर बसा. मुलाला आत पाठवा."

मुलगा विश्वजीत शिरवळच्या कंपनीत नोकरीला. त्या दिवशी रजा टाकून आलेला. तो आत गेला आणि बऱ्याच वेळानं बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला.

"काय रं?"

"काय न्हाई. अजून एक फोटो काढायचा म्हनत्यात."

सी.टी. स्कॅन झालं. मोठ्या दवाखान्यातल्या ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर, स्वानंदी मॅडम, यांनी बाप-लेकाला फोटो दाखवून सांगितलं. उजव्या किडनीत गाठ आहे. दिसण्यावरून कॅन्सरच आहे. अजून किडनीच्या बाहेर गेलेली नाही, म्हणून काढली तर बाई बरी होण्याची आशा चांगली आहे. फार लांबवू नका.

विश्वजीतनं हात जोडले. "मॅडम, आईला ह्यातलं काय सांगू नका. ती खचंल."

"त्यांना सांगायलाच पाहिजे. ऑपरेशन त्यांचं आहे, सही त्यांची लागणार."

"आमी सांगतो घरी," लालासाहेब म्हणाले.

घरी आल्यावर विश्वजीतनं आईला सांगितलं, "मुतखडा हाय. मोठा हाय. ऑपरेशन करावं लागंल."

लीलाक्का हसली. इतके दिवस मनात काहीतरी येत होतं, ते सगळं निघून गेलं. मुतखडा! आमच्याकडं घरटी एकाला मुतखडा असतोय आणि प्रत्येकाकडं त्याचं औषध. त्यातही गावाबाहेरच्या वस्तीवरचा ज्ञानू म्हणजे मुतखड्यातला वकील. गुरुवारी सकाळी उपाशी पोटी जायचं, तो कसला तरी पाला वाटून ताकातनं देतो. दाम घेत नाही.

"मुतखड्याला कुनी पोट फाडून घेतं व्हय रं?" ती म्हणाली. "डॉक्टरला काय, त्यानं सुरी घिऊन ठेवल्याली. मी गुरुवारी ज्ञानूकडं जाते."

बाप-लेक एकमेकांकडं बघत राहिले. बाईला भ्या वाटू नये म्हणून त्यांनी असलं दुखणं निवडलं होतं, की बाईला भ्याच वाटेना.

"आगं, खडा लय मोठा हाय," लालासाहेब म्हणाले.

"पोष्टमनचा बोराएवढा हुता. पाडला ज्ञानूनं."

"तुजा आडवा बसलाय."

"मग उभा हुईल की! चार दिस पाला प्याल्यावर."

"मी सांगतोय ते ऐक. ऑर्डर हाय ही."

"ऑर्डर पलटनीत द्या. हितं पोतं उचला त्ये."

एक गुरुवार गेला, दोन गेले. पाला चालू. कुशीतलं जडपण कमी झालं असं लीलाक्का छातीठोक सांगायची. मॅडमच्या दवाखान्यातनं फोन यायचा, विश्वजीत परसात जाऊन हळू आवाजात बोलायचा. दर रविवारी तो शिरवळहून यायचा, आज सांगतो म्हणून, आणि आईनं भाकरी वाढली की ती खाऊन न सांगताच परत जायचा. त्यात माघ सरत आला. डंकाला तेलपाणी झालं. मिरचीचा भाव विचारायला बाया यायला लागल्या.

"आता तर नावच काडू नका ऑपरेशनचं," लीलाक्कानं जाहीर केलं. "सीझन सोडून मी खड्यापायी खाटंवर पडू? जेष्ठात बघू."

ज्येष्ठ म्हणजे चार महिने. पोटातली गाठ काय मिरचीचा सीझन बघून थांबणार होती?

लालासाहेबांना हे पेलेना. त्यांनी भावकीतल्या नानासोजवळ मन मोकळं केलं. नानासो म्हणजे चुलतभाऊ. सामाईक भिंतीवरनं दोन घरांचं बोलणं कधीचं तुटलेलं, इतकं की लीलाक्काच्या दारावरनं जाताना नानासो मान फिरवून जायचा. पण रक्ताचा माणूस, आणि लालासाहेबांना दुसरा कुणी सुचला नाही. नानासोनं सगळं ऐकलं आणि सांगितलं, "सुरी लावू नगा दादा. कॅन्सरला हवा लागली की तो अंगभर पसरतोय. आमच्या साडूच्या आईचं तसंच झालं." झालं! आता लालासाहेबही डळमळले. एका बाजूला ज्ञानूचा पाला, दुसऱ्या बाजूला नानासोची हवा, आणि मधी ज्या बाईचं पोट, तिला पत्ताच नाही.

सीझनची पहिली चटणी उखळात पडली त्या सकाळी नानासो डंकावर आला. हातात दोन शहाळी. लीलाक्का बघतच राहिली.

"या भावजी. भिंतीचं काय काडलंय आज?"

"भिंत ऱ्हाऊ द्या वैनी. भिंत तुमचीच." नानासोनं शहाळी खाली ठेवली आणि वाकून तिचे पाय धरले. "माजं काय चुकलं-माकलं असंल तर पोटात घाला." आणि हा मिशाळ गडी हुंदके देऊन रडायला लागला.

बायांना वाटलं, मिरची झोंबली. लीलाक्कानं हात लांब करून बटण दाबलं. मुसळं थांबली. डंक असा एकाएकी गप झाला की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.

"भावजी, मुतखड्याला कुनी रडतं व्हय?"

नानासोनं बाहीनं डोळे पुसले.

"भिंत सोडलीसा. पाय धरलंसा. मी कवा मरनार हाय त्ये तेवढं सांगा."

"तसं नगा बोलू वैनी. कॅन्सरमदनं पन मानसं उठत्यात..." आणि नानासोनं आपल्याच तोंडावर हात मारला.

लीलाक्का उठली. पदरानं हात पुसले. बायांना म्हणाली, "ज्यांची मिरची उखळात हाय त्यांनी बसा. बाकीच्यांनी परवा या." आणि घरात गेली.

त्या घरातलं बोलणं गल्लीनं ऐकलं, कारण लीलाक्कानं दार लावायची तसदी घेतली नव्हती.

"किती दिस म्हाईत हाय तुमाला?"

"आगं, तू खचशील म्हनून..."

"मी? आवं फौजी, तुमी बर्फात हुता तवा पोष्टमन दारात आला की वाटायचं, तुमी गेल्याचाच कागुद आला. कागुद मीच फोडायची. पोराला काखंत घिऊन फोडायची. तवा कुनी म्हनलं न्हाई, लीलाचं काळीज लहान हाय, तिला मुतखडा झालाय म्हनून सांगा. तवा न्हाई खचले ती आता खचंन?"

आत एक भांडं आदळलं.

"आणि तुमच्या खोट्यापायी मी पाला पीत बसले! गाठ वाढत हुती, आणि मी ताक पीत हुते. मारायचंच हुतं तर गोळी घालायची, शिकलाय की तुमी."

मग तिचा आवाज फाटला. थोडा वेळ रडण्याचा आवाज आला, तोही मोठ्यानं. ते संपल्यावर ती म्हणाली, "विश्वजीतला फोन लावा. म्हनावं उद्या कऱ्हाडला ये. आणि येताना तोंड घिऊन ये."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिनं दोघांना शेजारी बसवलं. "तुमी आयकायचं. बोलायचं न्हाई." मग स्वानंदी मॅडमकडं वळली. "बाई, माज्या पोटात काय हाय त्ये मला सांगा. ह्यांच्याशी न्हाई बोलायचं."

मॅडमनी सांगितलं. सगळं, फोटो पुढं ठेवून. गाठ कुठं आहे, केवढी आहे.

"मिरचीनं झालं का ह्ये?"

"नाही. मिरचीचा काही संबंध नाही. विडी-सिगारेट, लठ्ठपणा, ब्लडप्रेशर, कधी घराण्यातलं, अशी कारणं असतात. पुष्कळदा कारण सापडतच नाही. तंबाखू आहे का?"

"दातांना मिश्री लावते."

"तीही सोडायची."

"सोडली. आणि लघवी लाल झाल्ती त्ये?"

"रक्त होतं. दुखत नाही म्हणून लोक घरात बसतात. आपोआप थांबतं म्हणून बरं झालं असं समजतात. लघवीत रक्त एकदा जरी दिसलं तरी तपासायला पाहिजे. दरवेळी कॅन्सर निघतो असं नाही, पण तपासल्याशिवाय कळणार कसं?"

धन्याचं पाणी सांगितलेल्या चौघी लीलाक्काच्या डोळ्यांपुढून गेल्या असणार. मग तिनं नानासोची शंका काढली. "हवा लागून पसरतं म्हनत्यात."

"हवेनं नाही पसरत. थांबण्यानं पसरतं."

"ऐका," लीलाक्का नवऱ्याला म्हणाली. परत मॅडमना, "एका किडनीवर मानूस जगतं?"

"तुमची दुसरी चांगली आहे. ती काम ओढते. दुखतंय म्हणून मनानं गोळ्या घ्यायच्या नाहीत, ब्लडप्रेशर ताब्यात ठेवायचं आणि सांगू तेव्हा तपासायला यायचं. पुढं बरीच वर्षं यावं लागेल."

"केस जात्यात का?"

"ह्या कॅन्सरला ती केमोथेरपी बहुतेक देत नाहीत. ऑपरेशन हेच मोठं औषध. पुढं लागलंच तर वेगळी औषधं आहेत. सगळं नीट होईलच असं मी लिहून देणार नाही, पण आज तुमची बाजू चांगली आहे."

"एवढंच पायजे हुतं. मग डंक?"

"काही महिने ओझं उचलायचं नाही."

"त्ये हे उचलतील. पन डंक सोडनार न्हाई म्हंजे न्हाई." आणि तिनं सहीला पेन मागितलं.

ऑपरेशनच्या सकाळी तिला हिरवा झगा घालून ट्रॉलीवर घेतलं. मंगळसूत्र काढून लालासाहेबांच्या हातात दिलेलं, ते त्यांनी मूठ आवळून धरलेलं. ट्रॉली वॉर्डाच्या दारात पोचली तेव्हा दारालगतच्या खाटेवरची म्हातारी विश्वजीतला विचारत होती, "कशाचं रं बाबा, आईचं?"

"पोटाचं," विश्वजीत म्हणाला. "जरा... पोटाचं हाय."

लीलाक्कानं ट्रॉलीवरनं हात काढून दाराची चौकट धरली. ट्रॉली थांबली.

"कशाचं म्हनलास?"

"आई, जाऊ दे की. आता कुठं..."

"कॅन्सरचं म्हन."

"मावशी, हात सोडा," ट्रॉली ढकलणारा म्हणाला. "मॅडम वाट बघत्यात."

"बघू द्या. ह्या नावाच्या भ्यापायी माजं दिस गेलं. म्हन रं. तुज्या तोंडनं म्हन, मग मी आत जाते."

विश्वजीतचे ओठ हलले. आवाज निघाला नाही.

"आयकू न्हाई आलं."

"किडनीचा कॅन्सर हाय," तो म्हणाला.

"मोठ्यानं. मेलेल्या मानसाजवळ बोलल्यागत बोलू नगंस."

"किडनीचा कॅन्सर हाय! माज्या आईला किडनीचा कॅन्सर हाय!" तो ओरडला. सगळा वॉर्ड बघायला लागला. लालासाहेबांनी डोळे मिटले. म्हातारी मात्र नुसती मान हलवून म्हणाली, "व्हय का? काडून टाका म्हनावं," आणि कुशीवर वळली.

लीलाक्कानं चौकट सोडली. "आता ढकल गड्या," ती म्हणाली.