झडपेवरच्या आप्पांची जीभ

हे जलरूपा, तूच मेघ होऊन चढतोस, नदी होऊन उतरतोस आणि समुद्र होऊन वाट पाहतोस. गोडाही तूच, खाराही तूच. मधली रेघ तेवढी तू माणसाच्या हाती सोपवलीस. ती रेघ राखणाऱ्या एका साध्या जिवाची ही हकिगत. आधी तुझ्या चरणी माथा, मग त्याचे नाव.

समुद्राला मिळण्यापूर्वी नदी जिथे शंभर फाटे फोडते, तिथल्या एका फाट्यावर लोखंडी झडप आहे आणि त्या झडपेवर आप्पा आहेत. ओहोटीला नदीचे पाणी खाली आले की चाक फिरवून झडप उचलायची, गावाचे तळे भरून घ्यायचे. भरतीला समुद्र मागे रेटू लागला की झडप पाडायची. एकतीस वर्षे हाच नेम. उचलण्याआधी आप्पा पायरीवर बसत, ओंजळीतले पाणी डोळे मिटून जिभेवर घोळवत आणि थुंकून म्हणत, "गोडं." अख्खे गाव त्या एका शब्दावर पाणी पीत असे.

कचेरीने खारेपणा मोजण्याचे यंत्र पाठवले होते. त्याचा आकडा चढू लागला, तशी आप्पांनी ते बिघडल्याची तक्रार लिहिली. दुसरे आले, तेही बिघडलेले. तिसरे आले, तेव्हा आप्पा तळ्यावर म्हणाले, "तिन्ही एकाच आईची लेकरं, खोटं बोलायला घरातच शिकली." माणसे पोट धरून हसली, आणि यंत्र फडक्यात गुंडाळून फळीवर गेले.

त्या वर्षी तळे नितळ झाले. एरवी चहासारखे गढूळ असणारे पाणी काचेसारखे दिसू लागले. खोल तळाशी कधीकाळी बुडालेली घागर, तिच्यावरचा पोचासुद्धा काठावरून मोजून घ्यावा. लोकांना कोण आनंद झाला. पण त्या काचेत काही हलत नव्हते. बेडूक नव्हते, पाणकिडे नव्हते. काठावरची झाडे पाण्यात पाय बुडवून शेंड्याकडून वाळत होती. गुरे येत, मान खाली नेत, पाण्यातल्या आपल्याच डोळ्यांकडे बघत राहत आणि न पिता मागे फिरत. भर दुपारी, लख्ख उन्हात, अशी शांतता पडे की झडपेच्या चाकातून तेलाचा थेंब पडलेला ऐकू येई.

अशात सूनबाई आली. मुलगा जहाजावर, ती डोंगरातली, सहावा महिना लागलेला. आल्या दिवशी चहाचा घोट घेऊन तिने सासूला हळूच विचारले, की साखरेऐवजी मीठ तर नाही ना पडले. सासूबाई हसल्या, डोंगरातल्या जिभेला नदीची ओळख व्हायला वेळ लागतो, म्हणाल्या. आप्पांनीही मान डोलावली. महिनाभरात सुनेची पावले इतकी सुजली, की चपलेच्या पट्ट्याचे वळ दिवसभर मिटत नसत.

पंधरवड्याला नावेतून येणाऱ्या नर्सबाईंनी तिचा रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला. मीठ मागच्याच खेपेला बंद केले होते, आणि सुनेने ते चिमूटभरही चाखले नव्हते. नर्सबाईंनी आप्पांना अंगणात बोलावले.

"गावात आठ बाया गरोदर आहेत, आप्पा. आठही जणींनी मीठ सोडलंय, एकीचाही दाब उतरत नाही. मागच्या वर्षी दोन बाळं पोटातच गेली. हे मीठ येतंय कुठून?"

"पाण्यातून नाही," आप्पा म्हणाले. "पाणी मी चाखतो."

नर्सबाईंनी पलीकडून आणलेल्या आपल्या बाटलीतला घोट घेतला. असेच चालले तर बाळाचा भरवसा नाही आणि आईचाही नाही, एवढे सांगून त्या नावेकडे निघाल्या.

आप्पा ओट्यावर बसून राहिले. सून पेला घेऊन आली. माहेरच्या झऱ्याचे पाणी तिने येताना कॅनभर आणले होते, औषधासारखे पुरवून वापरले होते. त्यातले हे शेवटचे.

"आप्पा, एवढं चाखा. माझ्यासाठी."

आप्पांनी डोळे मिटून घोट घेतला आणि त्यांच्या अंगावर काटा आला. पाणी म्हणावे असे तोंडात काही नव्हतेच. काहीतरी मेलेले, बुळबुळीत, भिजल्या राखेसारखे जिभेवर पसरले.

"हे नासलंय, पोरी."

"नाही आप्पा," सून म्हणाली. "हे गोडं आहे."

आप्पांना मग सारे दिसले. वरून नदी रोडावत गेली, खालून समुद्र वर्षागणिक चढत गेला. पण तो झडप फोडून आला नव्हता. तो चिमटीचिमटीने, चहातून, जेवणातून येऊन आप्पांच्या तोंडात वस्तीला राहिला होता. आणि रोज सकाळी पायरीवर बसून, आप्पांच्याच आवाजात, तोच म्हणत होता: गोडं.

ते पेला घेऊनच उठले. ओहोटी होती, झडप वर होती; त्यांनी ती पाडली. तिसरे यंत्र सोडवून तळ्यात बुडवले. आकडा पहिल्या दोन्ही यंत्रांपेक्षाही मोठा होता. मग पाणी भरणाऱ्या बायांपुढे उभे राहून म्हणाले, "खोटी यंत्रं नव्हती, माझी जीभ होती. हे पाणी पिऊ नका."

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "वय झालं म्हणा ना सरळ, तळ्याला कशाला नावं ठेवता?"

आप्पांनी पेल्यातले उरलेले पाणी त्यांच्या तळव्यावर थेंबभर टाकले, मग पुढच्या तळव्यावर, मग पुढच्या. एकेक तोंड वाकडे झाले. काठावर उभे असलेले सारे गाव गोडे पाणी थुंकू लागले आणि थुंकता थुंकता एकमेकांकडे पाहू लागले.

आप्पांनी झडपेच्या वहीत लिहिले, "तिन्ही यंत्रे ठीक. चाखणारा नादुरुस्त." त्या दिवसापासून पिण्याचे पाणी नावेतून येऊ लागले. तळे ओहोटीला रिकामे केले, तर तळाशी पांढरी साय धरलेली. सुनेची सूज ओसरली, आणि दिवस भरल्यावर मुलगी झाली. लहानखुरी, पण रडण्यात खणखणीत.

आता यंत्राचा आकडा आणि सुनेचा शब्द जुळल्याशिवाय झडप उचलत नाहीत. आप्पा चाकाशी उभे राहतात. सून थेंबाने ओठ ओला करते आणि मान हलवते. "अजून नाही, आप्पा." आप्पा चाक सोडतात.

आपलीच जीभ खोटी असे चारचौघांत म्हणू शकलेल्या त्या म्हाताऱ्याला, प्रभो, उदंड आयुष्य दे. त्याच्या सुनेच्या ओठांना कधीही ढळू देऊ नकोस. त्या घरातल्या लेकीच्या ओंजळीत एक दिवस नदीचे पाणी पडो आणि ते खरोखर गोड असो.