फकिरामामांचं बघणं

आमच्या सरकारी दवाखान्याच्या शवागारात येणारा प्रत्येक माणूस दारातच विचारतो, "फकिरामामा कुठं हायेत?" मला कुणी विचारत नाही. शीतपेट्या मी सांभाळतो, रेफ्रिजरेशनचा डिप्लोमा माझ्याकडे आहे आणि प्रेतांचे फोटो कॉम्प्युटरवर मीच चढवतो. फकिरामामा चौथी शिकलेले. सव्वीस वर्षं प्रेतं उचलतायत. तरी डॉक्टरसुद्धा म्हणतात, "फकिराला विचारा."

त्यांची एक पद्धत आहे. पेटी बंद करण्याआधी ते उशाशी उभे राहून मिनिटभर चेहरा बघतात. मग महिन्याने कुणी आलं तरी सांगतात, "डाव्या भुवईवर वण व्हता."

त्यांच्यावर छाप पाडायला मी शवागाराच्या 'मॉर्ग' या इंग्रजी नावाचं मूळ शोधलं. शब्द फ्रेंच, आधीचा अर्थ ताठा, नजर रोखून बघणं. पॅरिसच्या जुन्या तुरुंगात एका खोलीत पहारेकरी नव्या कैद्यांचे चेहरे निरखून ध्यानात ठेवायचे. त्या खोलीला हे नाव पडलं. पुढे अनोळखी प्रेतं ओळखीसाठी मांडायच्या जागेलाही.

मामा हसले. "म्हंजे माझी बदली तिकडं बी झाली असती की रं, इंजिनियर!"

शब्द मी शोधला आणि शोभला त्यांना. दिवसभर माझं डोकं तापलेलं होतं.

दुसऱ्याच दिवशी मामा जेवायला गेलेले असताना देवगाव रंगारीहून सूर्यभान नावाचा मेंढपाळ आला. सोबत भावजय, म्हाळसाबाई. तिचा नवरा मुंजाबा सहा दिवसांपासून बेपत्ता होता. पडेगावच्या रस्त्यावर सापडलेलं एक प्रेत आमच्याकडे होतं. संध्याकाळी पोलिस ते बेवारस म्हणून पुरणार होते.

बाई उंबऱ्याबाहेरच बसली. सूर्यभानने स्क्रीनवरचा सुजलेला चेहरा बघितला. "नाय. हा आमचा नाय."

'थांबा, मामा येतीलच,' हे शब्द तोंडाशी आले होते. मी ते गिळले. 'ओळख पटली नाही' अशी नोंद केली आणि ती दोघं निघून गेली.

मामा आल्यावर मी बेफिकिरीने सांगितलं. त्यांनी विचारलं, "कोण व्हते? मेंढरंवाले? आन् तू बोडकाच दाखवलास?"

"म्हणजे?"

"कपाळ बघ त्याचं. वर गोरं, खाली रापलेलं. जन्मभर पटका बांधलेला माणूस हाये. बोडका त्याला भावानं बी बघितला नसंल. गाडी काढ!"

त्यांच्या गावाकडची कन्नडची बस सुटायच्या बेतात होती. मी बसला गाडी आडवी घातली आणि दोघांना उतरवून घेतलं.

परत आल्यावर मामांनी स्वतःचा लाल पंचा प्रेताच्या डोक्याला बांधला, दोन पीळ देऊन, कानावर थोडा उतरता. पेटी ओढली. सूर्यभान भिंतीला टेकला. म्हाळसाबाई पुढे आली.

"अवो," ती म्हणाली, "कुठं व्हते तुम्ही?"

बऱ्याच वेळाने ती मामांच्या पाया पडायला वाकली. मामांनी तिला अर्ध्यातच धरलं आणि माझ्याकडे बोट केलं. "माझं काय नाय, बाई. या पोरानं तुमाला बसमधून आणलं."

ती माझ्यापुढे हात जोडून उभी राहिली. मला मामांचा इतका राग याआधी कधीच आला नव्हता.