सहावी ब मधली घरगुती बाब

नदीकाठची वस्ती एका दिवसात वाहून गेली. कपाटं गेली, शिलाई मशीनं गेली, लग्नातले फोटो गेले. एकाची तर मोटारसायकल गेली आणि आठ दिवसांनी तीन मैलांवर एका झाडात सापडली. घरातलं असं सगळं गेलं. पण घरगुती बाब मात्र प्रत्येक पुरुषानं डोक्यावर धरून, छातीभर पाण्यातून, कोरडी ठणठणीत बाहेर काढली.

टोलेमावशींना हे छावणीच्या चौथ्या दिवशी कळलं.

टोलेमावशी म्हणजे वरच्या अंगाच्या शाळेतल्या शिपाई. खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच. ऑफिसबाहेर लटकणाऱ्या पितळी थाळीवर लाकडी मोगरीनं टोल द्यायचे, हे त्यांचं सत्तावीस वर्षांचं काम. निवृत्तीला अकरा महिने उरले होते. दुसरं काम किल्ल्यांचं. एकोणीस किल्ल्या, एकोणीस खिळे आणि एक वही. ज्यानं सही केली त्याच्या ताब्यात खोली. तिथं कोण जातं, कोण येतं, ते त्यानं बघायचं. एकदा खुद्द मुख्याध्यापकांनी सही न करता वाचनालयाची किल्ली मागितली, तर मावशींनी किल्ली मुठीत ठेवली आणि दुसऱ्या हातानं पेन पुढं केलं. ‘‘तुम्ही मोठे आहात साहेब, पण वही तुमच्याहून जुनी आहे,’’ म्हणाल्या.

शाळा वाचली कारण ती चढावर होती. तिथंच छावणी झाली. मुख्याध्यापक लेकीकडे निघून गेले आणि जाताना फोनवर एकच सूचना देऊन गेले, की बेंचवर कुणी नावं कोरू नयेत. मावशी आणि त्यांचे घड्याळं दुरुस्त करणारे यजमान आवारातल्याच एका खोलीत राहायचे. ते जागचे हलले नाहीत. बाकी वस्ती वर्गावर्गांत वाटली गेली. ‘‘तुमचं बिऱ्हाड कुठं?’’ ‘‘पाचवी अ. तुमचं?’’ ‘‘आम्ही गणिताच्या फळ्याखाली.’’ एका आजोबांना सहावी मिळाली. ते कपाळावर हात मारून म्हणाले, ‘‘तीनदा नापास झालो, म्हणून शाळा सोडली. शेवटी आणून टाकलंच सहावीत!’’

छावणी म्हटली की समिती आली, आणि समिती म्हटली की भाऊजी आले. भाऊजी म्हणजे मावशींचे धाकटे दीर. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त. तिथं तीस वर्षं ‘उद्या पाणी येणार नाही’ हे फळ्यावर लिहिण्याचं काम त्यांनी मन लावून केलं होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी महिला सुरक्षा समिती स्थापन केली. सात सदस्य, सातही पुरुष. कारण बैठकीच्या वेळी बायका पाण्याच्या रांगेत होत्या. बैठकीत सर्वानुमते ठरलं की बॅनर लावावा. ‘भगिनी सुरक्षित तर छावणी सुरक्षित’ असा बॅनर आला. कोपऱ्यात भाऊजींचा हात जोडलेला फोटो.

बायकांच्या न्हाणीघराला दारच नव्हतं. दुसऱ्या दिवशी बायकांनी बॅनर उतरवला आणि दाराच्या जागी बांधला. लगेच आतून कुणीतरी ओरडलं, ‘‘अगं, फोटो बाहेर करा! आत बघतोय मेला!’’ मग तो उलटा फिरवून बांधला. समितीच्या हातून सुरक्षेचं एवढंच काम झालं, आणि तेही समितीला न विचारता.

चौथ्या दिवशी दुपारी मावशी व्हरांडा झाडत होत्या. सहावी ब मध्ये पाच कुटुंबं होती, मधे चादरी टांगलेल्या. खिडकीजवळच्या कोपऱ्यात फरशा बसवणारा एक जण, त्याची आई आणि बायको. बायको पूर्वी लॉण्ड्रीत इस्त्री करायची. तिला सगळे इस्त्रीवालीच म्हणत. ती दोन कळश्या घेऊन आली तसा चादरीमागून फरशीवाल्याचा आवाज आला.

‘‘पाण्याला एवढा वेळ? कुणाशी बोलत होतीस?’’

रांगेत दीडशे बायका होत्या. फरशीवाल्याला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. तो रांगेत कधी उभाच राहिला नव्हता. मग चादर हलली, कळशी आडवी झाली आणि एक आवाज आला. दुसरा आला. वर्गातल्या चार कुटुंबांना एकदम भिंतीवरचा नकाशा वाचावासा वाटला. कुणीतरी रेडिओ मोठा केला. फरशीवाल्याच्या आईनं तोंड भिंतीकडं फिरवलं आणि म्हणाली, ‘‘काम नाही हो हाताला, म्हणून वैतागलाय.’’ काम इस्त्रीवालीच्या हातालाही नव्हतं. तिनं कुणाला मारलं नव्हतं.

मावशींनी केरसुणी टाकली. त्या ऑफिसपाशी गेल्या, मोगरी उचलली आणि थाळीवर दणादण टोल दिले.

पुढं काय होईल याचा विचार त्यांनी केला नव्हता. झालं असं की सगळी छावणी बाहेर आली. त्या थाळीवर तीन पिढ्या लहानाच्या मोठ्या झालेल्या. पाय आपोआप मैदानाकडं वळले. नापास आजोबासुद्धा काठी टेकत आले आणि ओळीत उभे राहिले. सगळ्यात मजा म्हणजे फरशीवालाही आला. हात अजून अर्धवट वर होता. तो खाली घेत, उंचीप्रमाणे आपली जागा शोधून उभा राहिला. आपण का उभे आहोत हे त्याला बऱ्याच वेळानं समजलं.

‘‘काय झालं मावशी? पाणी वाढलं?’’ कुणीतरी विचारलं.

‘‘पाणी नाही,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘सहावी ब मध्ये हा बायकोला मारतोय. सगळ्यांना ऐकू येत होतं, पण कुणी ऐकत नव्हतं. म्हणून वाजवली. जा आता आपापल्या वर्गात.’’

चारशे माणसं फरशीवाल्याकडं बघत होती. तो आपल्या पायांकडं बघत होता. फरशी नव्हती तिथं, नुसती माती होती.

त्या आठवड्यात टोल नऊदा पडले. आठवी अ, पाचवी क, एकदा तर चित्रकलेचा वर्ग, जिथं स्वतःला फार सुसंस्कृत समजणारं एक कुटुंब राहत होतं. मावशी नसल्या तर जी बाई जवळ असेल ती मोगरी उचलायची. दुसऱ्या आठवड्यात टोल चारदा पडले, तिसऱ्यात एकदा. पुरुष सुधारले असं मावशींचं मुळीच म्हणणं नव्हतं. उन्हात ओळीत उभं राहायला कुणाला आवडतं?

मग भाऊजी आले. वहिनींच्या खोलीत खुर्चीवर बसून त्यांनी आधी घसा साफ केला.

‘‘वहिनी, ही काय पद्धत झाली? नवरा-बायकोच्या भांडणाला टोल?’’

‘‘भांडण दोघांचं असतं, भाऊजी. तिचा तर आवाजच नव्हता त्यात.’’

‘‘अहो, घरगुती बाब असते ती.’’

‘‘घर कुठंय?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘त्याचं घर. दाखवा ना खिडकीतून. वर्ग शाळेचा आहे, सतरंजी समितीची आहे, जेवण ट्रकनं येतं. घरगुती म्हणून एक बायकोच उरली का?’’

भाऊजींनी भावाकडं पाहिलं. भाऊ डोळ्याला भिंग लावून एका घड्याळात शिरले होते आणि बाहेर यायची चिन्हं नव्हती.

‘‘गुरुवारी पाहणी पथक येतंय,’’ भाऊजी खरी गोष्ट बोलले. ‘‘आदर्श छावणीचं प्रमाणपत्र मिळतंय आपल्याला. महिलांच्या तक्रारी शून्य, असं कळवलंय मी. आणि ऐन वेळी तुम्ही बडवलीत थाळी, तर?’’

‘‘तक्रारी शून्य? विचारलं कुणी बायकांना?’’

‘‘म्हणजे काय! प्रत्येक कुटुंबप्रमुखाला जातीनं विचारलंय.’’

फरशीवालाही आता शहाणा झाला होता. तो आवाज होऊ देत नव्हता. चिमटे काढायचा, पांघरुणाखाली हात पिरगळायचा. आणि त्यानं समितीकडं रीतसर अर्ज केला, की कौटुंबिक खासगीपणासाठी स्वतंत्र खोली मिळावी. समितीला गहिवरून आलं. मैदानापलीकडं प्रयोगशाळा रिकामी होती. जाड भिंती, उंचावर खिडक्या. तिथं बिऱ्हाड हलवलं की सहावी ब शांत, थाळी शांत, तक्रारी शून्य. वर्गातल्या बायकांनी इस्त्रीवालीचा हेवा केला. ‘‘नशीब काढलंस बाई! आख्खी खोली!’’

ती मात्र दुसऱ्या दिवशी मावशी किल्ल्या पुसत होत्या तिथं येऊन उभी राहिली.

‘‘मावशी, प्रयोगशाळेची किल्ली हरवली म्हणाल?’’

‘‘का गं?’’

‘‘ते म्हणतात, तिथून मावशीला काही ऐकू येणार नाही.’’ तिनं बाही खाली ओढली. ‘‘रोज म्हणतात. हसत हसत म्हणतात.’’

मावशींच्या हातातलं फडकं थांबलं. सत्तावीस वर्षांत एक किल्ली हरवली नव्हती. आता हरवली म्हटलं असतं, तर समितीनं अर्ध्या तासात कुलूप तोडलं असतं. तोडफोडीला समिती केव्हाही तयार असते.

‘‘हरवायची नाही मी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुला सही करता येते?’’

‘‘सातवीपर्यंत शिकलेय. इथंच.’’

‘‘माहीत आहे. डबा विसरायचीस रोज. जा आता, आणि मी विचारीन तेव्हा मागं सरू नकोस.’’

त्या दिवशी जेवताना यजमान पहिल्यांदा भिंगाबाहेर आले. ‘‘देऊन टाक ना किल्ली. माझा भाऊ आहे तो. अकरा महिने राहिलेत तुझे. तो मुख्याध्यापकांना फोन करीन म्हणतोय.’’

‘‘किल्ली देणारच आहे मी. नाही कुठं म्हटलं?’’

‘‘मग इतकी गप्प का?’’

‘‘कुणाला द्यायची ते ठरवतेय.’’

मावशींनी भाऊजींकडं लेखी ठराव मागितला. भाऊजी खूश झाले. ठराव लिहिणं हा त्यांचा जीव की प्राण. पथकानं वाचलं तर बरं दिसावं म्हणून त्यांनी लिहिलं, ‘सहावी ब मधील सदर महिलेच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने प्रयोगशाळा ही स्वतंत्र खोली म्हणून देण्यात येत आहे.’ मावशींनी तो दोनदा वाचला आणि वहीत ठेवला.

गुरुवारी पथक आलं. वही हातात घेतलेल्या एक मॅडम आणि कॅमेरे घेतलेले दोघं. भाऊजींनी त्यांना सगळं दाखवलं, फक्त न्हाणीघर सोडून. कारण तिथं दार म्हणून त्यांचा हात जोडलेला फोटो टांगलेला होता. शेवटी ते ऑफिसपाशी आले. फरशीवाला दाढी करून, गाठोडं काखेत मारून तयार होता. आई मागं, बायको त्याच्या मागं.

‘‘वहिनी, प्रयोगशाळेची किल्ली द्या याला,’’ भाऊजी ऐटीत म्हणाले.

मावशींनी वही उघडली, ठराव वर ठेवला. ‘‘याला कशी देऊ? सदर महिलेच्या सुरक्षिततेसाठी म्हणून लिहिलंय तुम्ही. खाली तुमचीच सही आहे. मग ताबाही सदर महिलेचाच. ये गं, सही कर.’’

‘‘अहो, नवरा-बायको एकच की हो!’’ भाऊजी हसले.

‘‘एकच असते, तर मारताना दोघांना लागलं असतं.’’

मॅडमनी ठराव हातात घेतला, वाचला आणि मान डोलावली. ‘‘उत्तम आहे. किल्ली बाईंकडंच हवी. फार पुढचा विचार केलाय तुमच्या समितीनं.’’

भाऊजी काही बोलायच्या आत इस्त्रीवाली पुढं झाली. तिनं पेन घेतलं. अक्षर सुटं आलं. नवऱ्याच्या नावापाशी ती थांबली आणि ते न लिहिताच तिनं पेन खाली ठेवलं.

ती मैदान ओलांडून गेली. मागोमाग फरशीवाला, त्याच्यामागं पथक, कॅमेरे, समिती आणि अर्धी छावणी. तिनं कुलूप काढलं, आत गेली, आणि उंबऱ्यातच वळली.

‘‘तुम्ही कुठं निघालात?’’

‘‘म्हणजे? खोलीत!’’

‘‘खोली माझ्या सहीची आहे. कुणाला आत घ्यायचं ते मी बघायचं आहे.’’

‘‘डोकं फिरलं का तुझं? चार लोकांत...’’

‘‘चार लोकांत म्हणूनच बोलतेय,’’ ती म्हणाली आणि तिनं दार लावलं. आतून कडी सरकल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. फरशीवाल्यानं दारावर थाप मारायला हात उचलला, कॅमेऱ्याकडं पाहिलं आणि तोच हात केसांवरून फिरवला.

भाऊजी कच्च्या गुरूचे चेले नव्हते. आपोआप आलेल्या पाण्याचं श्रेय घ्यायला ते पाणीपुरवठा खात्यातच शिकले होते. ‘‘ही आमची महिलांसाठी स्वतंत्र खोली,’’ ते मॅडमना म्हणाले. ‘‘आतून कडीची सोय. गेले कित्येक दिवस माझ्या डोक्यात घोळत होतं.’’

मॅडमनी लिहून घेतलं. प्रमाणपत्र मिळालं. भाऊजी आता इतर छावण्यांत जाऊन या विषयावर बोलतात, आणि दीड तास बोलतात म्हणे. मावशींचं काही म्हणणं नाही. मुख्याध्यापकांना फोन करायचा तेवढा ते विसरले.

दिवस मावळायच्या आत प्रयोगशाळेत पाच बायका राहायला आल्या. चित्रकलेच्या वर्गातलीही आली. तिनं ‘‘इथं हवा चांगली आहे’’ एवढंच कारण सांगितलं, आणि कुणी दुसरं विचारलं नाही.

सोमवारी सकाळी मावशी तिथल्या कपाटातली काचेची नळकांडी काढून न्यायला निघाल्या, तर दाराबाहेर फरशीवाल्याची आई उभी. काखेत गाठोडं. उजवं मनगट सुजलेलं.

‘‘सून आहे का आत?’’ तिनं मावशींनाच विचारलं.

‘‘तुम्हाला काय झालं?’’

‘‘ती गेल्यापासून त्याला कुणीतरी लागतंच ना.’’

‘‘मग टोल का नाही दिलात? मोगरी तिथंच असते.’’

‘‘पोटच्या पोराच्या नावानं कसा देऊ हो?’’ म्हातारी म्हणाली. ‘‘आपलं घरचंच...’’

आत बोलणं थांबलं होतं. सगळं ऐकू गेलं होतं. मावशी दारावर थाप मारू शकल्या असत्या, पण सही त्यांची नव्हती. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. म्हातारीही उभी राहिली.

मग कडी सरकली. इस्त्रीवालीनं सासूकडं पाहिलं, मनगटाकडं पाहिलं.

‘‘मनगटाची सूज उतरली की पाण्याच्या रांगेत तुम्ही उभं राहायचं,’’ ती म्हणाली. ‘‘तिथं केवढा वेळ लागतो ते बघायला.’’

आणि तिनं गाठोडं हातातून काढून घेतलं.