अक्काने न घेतलेलं संरक्षण

इंदूअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी कसबा बावड्यातल्या घरी शर्टाला इस्त्री करत होतो. दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत कोर्टात जायचं होतं. फोनवर तिची ज्युनिअर वकील मेघा होती. "काका, अक्का गेल्या... झोपेतच," एवढंच ती म्हणाली. मी इस्त्री बंद केली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग उद्याच्या तारखेचं काय?" मेघा रडता रडता थांबली. म्हणाली, "अक्कांनीपण हेच विचारलं असतं."

अक्का माझी आतेबहीण. शिवाजी पेठेत राहायची, तिथेच तळमजल्यावरच्या खोलीत तिचं ऑफिस होतं. उभी हयात तिने कामगारांचे खटले चालवले आणि लोक निवृत्त होतात त्या वयात ती मानवी हक्कांच्या एका आंतरराष्ट्रीय समितीवर निवडून गेली. वर्षातून दोनदा परदेशात बैठक असायची. तिथे एकेका देशाच्या प्रतिनिधींना समोर बसवून, तुम्ही माणसांना कसं वागवता, हे विचारायचं. पगार नव्हता. होतं ते कायद्याचं एक संरक्षण. समितीच्या कामात जे बोललं किंवा लिहिलं त्याबद्दल कुठल्याही कोर्टात खेचता येत नाही, आणि पद गेल्यावरही त्या बोलण्यापुरतं ते टिकतं.

पेठेत ही बातमी पोचली ती अशी, की अक्काला आता पोलीस हात लावू शकत नाहीत. तालमीतले सर्जेराव सकाळीच आले. "अक्का, फुटबॉलची फायनल जिंकली की मिरवणुकीत तुमी ट्रॅक्टरवर पुढं बसायचं. मग डॉल्बी कोण बंद करतंय ते बघू."

"बसते की," अक्का म्हणाली. "पण पहिली वायर मीच उपसणार."

एकदा मात्र ती बैठकीहून परतली ती एक बातमी घेऊन. समितीत तिच्या शेजारी बसणाऱ्या एका बाईंना आधीच्या बैठकीनंतर मायदेशी उतरल्या उतरल्या विमानतळावर अटक झाली होती, समितीत विचारलेल्या प्रश्नांवरून. समितीने संरक्षणाचं कलम पुढे केलं, बरीच ओढाताण झाली, तेव्हा कुठे त्या सुटल्या. "वसंता, त्या एका कलमावर ती घरी गेली," अक्का मला म्हणाली. त्यानंतर पेठेत कुणी ती चेष्टा केली की ती विषय बदलायची.

तिच्यावरचा खटला पुढे तिची समितीची मुदत संपता संपता आला. एका आखाती देशाबद्दलच्या चर्चेत तिने विचारलं होतं, की बाहेरून आलेल्या कामगारांचे पासपोर्ट काढून घेतात, त्यात आमच्या जिल्ह्यातला अमुक एजंटही सामील आहे, त्याचं तुम्ही काय केलंत? कोल्हापूरला आल्यावर एका वाचनालयातल्या सभेत तिने तेच वाक्य, एजंटाच्या नावासकट, पुन्हा उच्चारलं. एजंटाने दोन्हीवरून बदनामीची फिर्याद ठोकली. समितीच्या कार्यालयाचं पत्र आलं आणि कोर्टाने समितीतल्या बोलण्याचा भाग वगळला. उरला वाचनालयाचा.

मेघा म्हणाली, "अक्का, वाक्य तेच आहे. याच्यासाठीपण संरक्षण मागू, लगेच मोकळ्या व्हाल."

"वाक्य तेच, पण काम वेगळं. तिथं मी समितीचं काम करत होते. हितं समोर तिकडं जाणाऱ्या पोरांच्या आया बसल्या होत्या, त्यास्नी सावध करायला मी नाव घेतलं. ते खरं हाय, हे माझं मी शाबीत करीन."

"आणि नाही झालं तर?" मी विचारलं.

"तर शिक्षा हाय की कायद्यात." मग म्हणाली, "मी हे संरक्षण घरच्या भांडणात वापरलं, तर उद्या कुठलंही सरकार म्हणेल, ह्यांचं हे असंच असतं. मग त्या विमानतळावर उतरणाऱ्या बाईनं काय करायचं?"

खरं शाबीत करायला साक्षीदार एकच होता, आजऱ्याकडचा तानाजी. आखातातून कसाबसा परत येऊन काजूच्या कारखान्यात लागलेला. तो ऑफिसात आला, पण दारातच उभा राहिला. "अक्का, समदं खरं हाय. पण धाकटा भाऊ अजून तिकडंच हाय. त्याचा पासपोर्ट बी त्यांच्याकडंच."

"मग तू गप बसायचं," अक्का म्हणाली. "भाऊ घरी आला की ये."

तो गेल्यावर मेघा चिडली. आपल्याकडे दुसरा साक्षीदार नाही, समन्स काढू म्हणाली. अक्का चष्मा पुसत होती. "काढ की. आणि त्याच्या भावाला संरक्षण कोण देणार, तू?"

मग तारखा सुरू झाल्या. अक्काला दम लागायचा. कोर्टाच्या जिन्यात मध्येच थांबून ती म्हणायची, "आरोपी जरा विश्रांती घेतोय." फिर्यादीचे साक्षीदार झाले, आमची पाळी जवळ आली... आणि ती गेली. आरोपी मयत म्हणून खटला संपला. ती दोषी ठरली नाही, निर्दोषही ठरली नाही. मोकळी झाली एवढंच. असं मोकळं होणं तिला नको होतं, म्हणून तर ती ते जिने चढत होती.

गेल्या आठवड्यात मेघा आणि मी ऑफिस उघडायला गेलो, तर पायरीवर दोघं बसलेले. तानाजी उठला. "अक्का हायत का? भाऊ आला. साक्षीला आलोय."

त्याला कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. त्याने भावाकडे बघितलं. म्हणाला, "म्हंजे आता कुणी इचारणारच न्हाय?"

मी दार उघडून त्यांना आत घेतलं. त्या ऑफिसात धड अशी एकच खुर्ची आहे, टेबलामागची, अक्काची. पण कुणी काही सांगायला आलं की अक्का त्यालाच तिथे बसवायची आणि स्वतः भिंतीलगतच्या बाकावर पाय वर घेऊन ऐकत बसायची. मी तानाजीला खुर्ची दाखवली. त्याने मान हलवली आणि धाकट्याला पुढे केलं. "ह्यो सांगंल."

मेघा आणि मी बाकावर बसलो. धाकटा संकोचत खुर्चीत टेकला. दोन्ही हात टेबलावर ठेवले, आणि पहिल्याच वाक्यात त्याने त्या एजंटाचं पूर्ण नाव घेतलं.